वर कुणी पाहत नाही

(दृश्य: सदाशिव पेठेतली खोली. टेबलावर लॅपटॉप, माऊसवर खेळाडूचा हात.)

खेळाडू भुयारात उभा आहे. पायाखाली कोरडा दगडी पाट, हातात कंदील. तो डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, आल्या वाटेने मागे जातो. झडपेचं चाक त्याच्या डोक्यावर, उच्छ्वासाच्या, म्हणजे भुयारात हवा यावी म्हणून वर उघडणाऱ्या झरोक्याच्या, तोंडाशी आहे. चार मिनिटं झाली, त्याने मान वर केलेली नाही.

खेळ बनवणारी मुलगी शेजारीच बसली आहे. उत्तर तिच्या ओठांवर आहे, तरी ती गप्प आहे. चाचणीत, म्हणजे दुसऱ्याला खेळायला बसवून नुसतं बघण्यात, सगळ्यांत अवघड काम हेच. "अरे, वर बघ ना" एवढे चार शब्द तोंडून निघाले, की ती चाचणी वाया गेली.

(दृश्य: पडद्यावर खेळ.)

उदाहरणादाखल घेतलेला हा खेळ जॅमसाठीचा, म्हणजे ठरलेल्या विषयावर, ४८ तासांत उभा करायचा. सगळं खेळाडूच्या डोळ्यांतून दिसतं. कोड्याची कल्पना कात्रजच्या नळावरून घेतली आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातलं पाणी निव्वळ उताराने पुण्याच्या पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. आत माणूस चालू शकेल एवढं भुयार आणि वाटेत जागोजागी उच्छ्वास. खेळात झडपा उघडायच्या, मिटायच्या आणि तीन हौद भरायचे.

पहिली चाचणी २४व्या तासाच्या आत व्हायला हवी. तोवर भिंती करड्या असल्या तरी चालतात, आवाज नसला तरी चालतो. ४०व्या तासाला कळलेली चूक दुरुस्त करायला वेळच उरत नाही. तीन ते पाच जण पुरतात. त्यातला एक तरी असा हवा, ज्याला माऊसने मान वळवायची सवय नाही.

(दृश्य: वहीचं पान. चार रकाने.)

वेळ. जागा. काय केलं. काय म्हणाला. खेळाडूने सुचवलेला उपाय या रकान्यांत लिहायचा नाही, तो पानाच्या मागे. कारण खेळाडूची अडचण जवळजवळ नेहमी खरी असते, पण उपाय तो समोर दिसतंय तेवढ्यावरूनच सांगतो.

माऊसचंच बघा. खेळाडू म्हणतो, "माऊस फार पळतो, स्पीड कमी करा." बनवणारी आकडा निम्मा करते. आता तिच्याच संगणकावर मान जड वळते आणि खेळाडूच्या लॅपटॉपवर अजूनही पळतेच. दोष कोडच्या वेगळ्याच ओळीत आहे. युनिटीत, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये खेळ बनतो त्यात, माऊस किती सरकला हे दर फ्रेमला, पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, मिळतं. म्हणजे फ्रेमचा हिशोब त्यात आधीच आलेला असतो. सवयीने त्याला डेल्टाटाइमने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळाने, पुन्हा गुणलं, की वळण्याचा वेग संगणकाच्या वेगावर लटकतो. सेकंदाला १४४ फ्रेम देणाऱ्या संगणकावर जे नीट वाटतं, ते ३० फ्रेमच्या लॅपटॉपवर जवळपास पाचपट वेगाने फिरतं. तो गुणाकार काढायचा, मगच सेटिंगमध्ये वेगाची पट्टी द्यायची.

"गरगरतंय" असं कुणी म्हणालं, तर चाचणी तिथेच थांबवा. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, त्यातून मळमळ येते. चालताना कॅमेरा वरखाली हलत असेल तर आधी तो बंद करा. मग दृष्टीचा कोन, म्हणजे कॅमेऱ्याला एका वेळी किती दिसतं ते, तपासा. इथे एक घोटाळा हमखास होतो. पीसीवरच्या खेळांना ९० अंश चांगले, असं वाचून युनिटीत ९० टाकले जातात. पण युनिटीचा आकडा मुळात उभ्या कोनाचा आहे. १६:९ च्या पडद्यावर उभे ६० म्हणजे आडवे सुमारे ९१. उभे ९० टाकले तर आडवे १२१ होतात आणि कडेच्या भिंती रबरासारख्या ताणल्या जातात.

(दृश्य: भुयारातली पाटी, अगदी जवळून.)

पाटीवर "झडप फिरवा" लिहायचं होतं. नीट बघा: "फ" आधी आलाय आणि पहिली वेलांटी त्याच्या उजवीकडे, "र"च्या अंगावर पडली आहे. युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो अक्षरं साठवलेल्या क्रमानेच मांडतं. देवनागरीची जुळणी त्याला येत नाही, जोडाक्षरंही सुटी पडतात. पाट्या चार-पाचच असतील तर मजकुराचं चित्र करून लावणं सर्वांत जलद. खेळ बनवायच्या गोडो ४ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही जुळणी मुळातच होते. मराठी पाटी मोडकी दिसते म्हणून सगळा खेळ इंग्रजीत करून टाकू नका. अर्ध्या तासाचं काम आहे.

ब्राउझरमधल्या बिल्डमध्ये, म्हणजे खेळाच्या खेळता येणाऱ्या प्रतीत, एस्केप दाबलं की माऊस खेळाच्या ताब्यातून सुटतो. म्हणून पॉजला दुसरं बटण द्या. झडपेची सुटी मूठ कोपऱ्यात अडकली तर ती जागेवर परत आणणारं बटणही हवंच. ते नसेल तर दुसऱ्या हौदापर्यंत पोचलेला माणूस सगळं पहिल्यापासून खेळणार नाही, तो टॅब बंद करेल.

खेळून झाल्यावर "आवडला का?" विचारलं, तर समोरचा भिडेखातर "छान आहे" म्हणतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा खेळ चालू असताना विचारा, "आत्ता काय करायचं डोक्यात आहे?" किंवा "हे चाक कशासाठी असेल?" उत्तर चुकलं तरी हरकत नाही. ते चुकीचं उत्तर खेळाने कुठून सुचवलं, ते शोधायचं असतं.

(दृश्य: पुन्हा भुयार.)

पाचव्या मिनिटाला मुलगी वाट सांगते आणि तसं वहीत लिहिते. खेळाडू म्हणतो, "इथे बाण लावा ना." बाण पानाच्या मागे गेला. पुढच्या बिल्डमध्ये चाक जागच्या जागीच आहे. उच्छ्वासातून उजेडाची तिरीप पाटात पडते, तिच्यात धूळ तरंगते आणि वरून थेंब टपकतो. आवाज नेमका चाकाच्या जागेवरूनच येतो.

नवा खेळाडू बसतो. थेंब पडतो. उजेडाच्या मागोमाग मान वर जाते.

वहीत: ४० सेकंद, पहिली झडप, "अच्छा, इथेय होय!" त्याखाली लगेच दुसरी ओळ सुरू झाली आहे: दुसरा हौद, पाणी उलट्या दिशेने वळवलं, कारण उतार कुठे आहे ते अंधारात दिसलं नाही.