पद्मिनी खोलण्याआधी

मंडळी, जुनी पद्मिनी घरी दुरुस्त करण्यावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इंजिन बांधायला, म्हणजे पूर्ण खोलून नव्यानं जुळवायला, किती पैसे लागतील?" दारात वडिलांची पद्मिनी वर्षानुवर्षं उभी असते, टायर बसलेले असतात, बॅटरी केव्हाच गेलेली असते आणि माणूस थेट इंजिनालाच हात घालतो. गॅरेजवाल्याला विचारावं तर तोही म्हणतो, "साहेब, पूर्ण खोलावं लागेल." न बघताच! आज माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन बांधायचं की नाही हे तुम्हीही ठरवू नका आणि त्यालाही ठरवू देऊ नका. ते मोजमापाला ठरवू द्या. आणि मोजमाप घरच्या घरी होतं.

आधी गाडीची थोडी ओळख करून घेऊ. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ची, कारखाना कुर्ल्याला. इटलीत फियाटनं १९५३ साली ११००-१०३ हे मॉडेल काढलं. त्याचीच सुधारलेली आवृत्ती कुर्ल्यात १९६४पासून '११०० डिलाइट' म्हणून बनायला लागली आणि १९७४पासून तिचं नाव पद्मिनी झालं. इटलीनं ते मॉडेल साठचं दशक संपता संपता बंद केलं. आपण मात्र जवळजवळ विसावं शतक संपेपर्यंत तीच गाडी बनवत राहिलो. त्यावर हसणारे हसोत, पण घरी काम करणाऱ्याला यासारखी सोय नाही. बरेचसे सुटे भाग दशकानुदशकं तेच राहिले, त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला लागण्याची शक्यता मोठी.

इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५. ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. ब्लॉक बिडाचा, त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. बॉनेट उघडलं की दोन्ही अंगांनी हात खालपर्यंत जातो, आजच्या गाडीत बोटही जात नाही. पाने, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानंच आवळणारा), कॉम्प्रेशन गेज आणि गाडी टेकवायला दोन भक्कम घोड्या एवढ्यावर बरंच काम निघतं. घोड्यांच्या जागी विटा किंवा दगड लावून गाडीखाली झोपू नका. नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही.

आता मोजमाप. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर चावी मारायची घाई करू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून गाडी हातानं हळूच पुढे-मागे हलवा. इंजिन फिरलं तर निम्मी काळजी मिटली. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरच्या भिंतीला धरल्या असतील आणि तुम्ही नवी बॅटरी लावून सेल्फ मारलात, तर रिंग तुटून भिंतीवर कायमचा ओरखडा उठतो, आणि मग खरोखरच इंजिन बांधावं लागतं.

इंजिन मोकळं फिरतंय, सुरूही झालं, की ते गरम करा आणि कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेजनं मोजा. चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. चारही आकडे कागदावर लिहा. आकडा किती यापेक्षा चौघांचं आपसांत किती जुळतं ते बघायचं. सगळे दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असतील आणि सायलेन्सर निळा धूर टाकत नसेल तर ते इंजिन खोलायचं काही कारण नाही. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वर आला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये. नाही आला तर बहुधा व्हॉल्व्ह बसत नाहीये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेत? मग मधे हेड गॅसकेट फुटलंय असं समजा. हे सगळं अर्ध्या तासाचं काम, आणि ते न केल्यामुळे चांगली इंजिनं खोलली जातात.

अर्थात, इंजिन सुरू करता येण्याआधीही एक काम आहे आणि ते मी मुद्दाम ठासून सांगतो. ब्रेक. गाडी चालू झाली की ती गल्लीत फिरवून आणायचा मोह कुणाला आवरत नाही, आणि त्या काळच्या बहुतेक पद्मिनींना चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं एकच सर्किट. एका जागी गळती झाली की पेडल थेट जमिनीला. मागचं वाचलं, पुढचं गेलं असला प्रकारच नाही.

ड्रम काढताना आधी शूज (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) ॲडजस्टरनं आत घ्या, नाहीतर ड्रमच्या कडेला झिजून राहिलेली धार शूजला अडकते आणि माणूस हातोडी शोधतो. आतली काळी धूळ फुंकून उडवू नका, हवेच्या पाइपनं तर नकोच. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आता शूज ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबर बोटानं मागे ओढा. आत ओल दिसली तर किट, म्हणजे आतली रबरं, गेली. पण नुसतं किट बदलून बसवू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसून आतून खड्डे पाडतं. पिस्टन काढा, आत करंगळीचं नख फिरवा. नख गुळगुळीत सरकलं तर ठीक. कुठे अडकलं तर सिलिंडर बदला किंवा आत स्लीव्ह बसवून घ्या, कारण त्या खड्ड्यावरून नवं रबर पंधरा दिवसांत कापलं जातं. आणि हे भाग पेट्रोलनं किंवा रॉकेलनं धुवायचे नाहीत, त्यानं रबर फुगतं. धुवायचं ते ब्रेक ऑइलनंच.

चाकांकडे जाणारे रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसले तरी बदलाच. जुना होज आतून सुजतो: पेडल दाबताना ऑइल जातं, सोडल्यावर परत येत नाही, चाक जाम होतं, आणि लोक शूज घासत बसतात. शेवटी पाइपांतली हवा (एअर) काढायची ती पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून.

गाडी घोड्यांवर आहे तोवर किंगपिनही (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) तपासून घ्या. पुढचं चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड वाटली तर घरातल्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन.

पेट्रोलबद्दल विचारणा फार होते. शिसंयुक्त पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २०००पासून बंद झालं. तेव्हा व्हॉल्व्हच्या सीटा खाल्ल्या जाणार म्हणून हाकाटी झाली होती; पण आपलं हेड ॲल्युमिनियमचं, सीटा मुळातच वेगळ्या बसवलेल्या, आणि गाडी आठवड्याला एकदा बाहेर निघणार. त्याची चिंता मी करत नाही. चिंता आहे ती आताच्या पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलची. इथेनॉल जुनी रबरं मऊ करतं, पंपाचा पडदा खातं आणि पाणी ओढतं. पेट्रोल टाकीत महिनोन्महिने पडून राहिलं की ते पाणी तळाशी उतरतं, टाकी आतून गंजते आणि गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येऊन बसतो. उपाय सोपे आहेत. इथेनॉल सोसणारे होज आणि पडदा बसवा, पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावा, आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणून प्लगचा रंग बघत राहा. पांढुरका यायला लागला तर मेन जेट एक नंबर मोठा घाला.

पॉइंट, कंडेन्सर, प्लग, टायमिंग यांवर मी वेळ घालवत नाही. ती कामं कुणीही शिकवेल. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ एवढी पाठ ठेवा. थर्मोस्टॅट मात्र असेल तर राहू द्या आणि नसेल तर आणून बसवा. तो काढून फेकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्यानं इंजिन थंडच राहतं, ऑइलमध्ये गाळ साचतो आणि पेट्रोल जास्त जातं.

सुट्या भागांचं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ती ३० ऑक्टोबर २०२३पासून बाद झाली. भागांचा बाजार टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालत होता. तरी पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या दुकानदाराकडे बसून गप्पा मारल्या तर पोटमाळ्यावरून काहीतरी निघतं. मोजमाप लिहून न्या, गाडीचं साल सांगून भागत नाही.

इथे एक इशारा. भाग मिळत नाहीत म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचा सल्ला सर्रास मिळतो. सोय असेल, पण २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर घ्यायचा तर गाडी मूळ रूपात लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. १९७४ची पद्मिनी आता या वयात आली आहे. अर्थात, तो नंबर घेतला की गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. तेव्हा कोणता नंबर हवा हे आधीच ठरवा.

आता हेड. समजा मोजमापानंच सांगितलं की व्हॉल्व्हमध्ये दोष आहे. इंजिन पूर्ण थंड असतानाच नट सोडायचे, बाहेरून आत, थोडे थोडे. गरम ॲल्युमिनियम सोडलं की वाकतं. हेड स्टडना चिकटून बसलं असेल तर फटीत छिन्नी घालू नका. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काठ्या) काढा म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद राहतील, पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरा, टोक बाहेर ठेवा आणि इंजिन हातानं सावकाश फिरवा. पिस्टन दोरीला दाबतो, दोरी हेडला उचलते. कुठेही ओरखडा नाही.

काढलेलं हेड सरळ पट्टी आणि फिलर गेजनं तपासा. वाकलं असेल तर फेस, म्हणजे तळ सपाट, करायला लेथवाल्याकडे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, गाइड बदलणं ही कामंही त्याचीच, घरी उगाच शूरपणा नको. पण आकडे तुम्ही सांगायचे आणि परत आल्यावर पुन्हा मोजायचे.

व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून चपखल बसवणं, मात्र घरचं काम. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर द्या, ज्याचा त्याच सीटवर जायला हवा. कडेला बारीक पेस्ट लावायची, रबरी कपाची काठी दोन तळहातांत धरून मागे-पुढे फिरवायची, मधेच उचलून थोडी वळवायची. सुरुवातीला खरखर येते, हळूहळू आवाज मऊ होतो. पुसून बघा: सीटवर आणि व्हॉल्व्हवर सलग करडी पट्टी, कुठेही तुटलेली नको. मग सगळी पेस्ट रॉकेलनं धुवून काढा, कण राहिला तर तो इंजिन खातो. व्हॉल्व्ह स्प्रिंगांसकट बसवा, हेड उताणं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि चहा घेऊन या. खाली पोर्टमध्ये ओल आली नाही तर काम झालं.

हेड घट्ट करताना उलटा क्रम: मधून बाहेर, टॉर्क पान्यानं, तीन टप्प्यांत. टॅपेट लावायला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला, सोपी युक्ती अशी की चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एक मिटताना दुसरा उघडताना, असे झुलत असतील तेव्हा पहिल्याचे लावायचे. पहिल्याचे झुलताना चौथ्याचे. तसंच दोन आणि तीनचं. काही दिवस चालवून इंजिन थंड झालं की नट आणि टॅपेट पुन्हा तपासा.

इथे टेबलावर एक हेड आणलंय. चारांपैकी एका चेंबरचा व्हॉल्व्ह मी मुद्दाम लॅप न करता बसवलाय, बाकी तीन नीट आहेत. बाटलीत रॉकेल आहे. कुठला गळतो ते शोधायला चौघांनी पुढे या, आणि बाह्या वर करून या. बाकीच्यांचे प्रश्न तोवर घेतो.