जोडकमाईची वही

श्रोतेहो, नमस्कार.

मागं आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एक ताई माझ्याकडं आल्या होत्या. सकाळी अर्धा दिवस दवाखान्यात रिसेप्शनला, पगार महिना १४,०००. संध्याकाळी घरी पंधरा पोरांची शिकवणी. शनिवार-रविवार एका खासगी क्लासमध्ये गणित. क्लासनं वर्षाचे ७२,००० ठरवले होते, हातात आले ६४,८००. "सर, माझे ७,२०० कुठं गेले? मी काय टॅक्सवाली न्हवे की!"

ते गेले होते त्यांच्याच नावावर, सरकारकडं. शिकवण्याचं मानधन वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की देणारा १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून सरकारकडं भरतो. आयकराच्या साइटवर फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला, तर पॅनपुढं ७,२०० दिसले. ताईंचा चेहरा जरा सैल झाला.

मग बेरीज मांडली. पगाराचे १,६८,०००, शिकवणीचे दहा महिन्यांचे ९०,०००, क्लासचे ७२,०००. झाले ३,३०,०००. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे ताईंना कर नाही, आणि रिटर्न भरायची सक्तीही नाही. पण रिटर्न भरल्याशिवाय ते ७,२०० परत मिळायचे नाहीत. दरवर्षी असे कितीतरी लोक कापलेले पैसे सोडून देतात, आणि वर म्हणतात, आपला टॅक्सशी काय संबंध!

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. "१२ लाखांपर्यंत माफ हाय" हे वाक्य खडेबाजारात चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं. माफी आहे, खोटं नाही. पण ती कर मोजून झाल्यावर मिळणारी सवलत आहे. पगार आणि जोडधंदा मिळून उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं, की कर शून्य निघाला तरी रिटर्न भरावंच लागतं. मुदत चुकली तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० रुपये, त्याहून जास्त उत्पन्नाला ५,००० रुपये विलंब शुल्क. कर शून्य आणि दंड हजार, असा हा हिशेब.

आपल्याकडं बहुतेकांचं थोडंफार शेत असतंच. येळ्ळूरकडचा बासमती, रताळी, खानापूरकडचे काजू. हे शेतीचं उत्पन्न करमुक्त. मात्र ते ५,००० च्या वर असेल आणि बाकीची कमाई करपात्र असेल, तर कराचा दर ठरवताना ते धरतात. दुधाचं मात्र तसं नाही. गोठ्यातल्या म्हशीचं दूध डेअरीला घातलं, तर तो कायद्यानं धंदा. पेंड, भुसा, डॉक्टरचा खर्च वजा करून जे उरेल ते उत्पन्नात धरायचं. हे सांगितलं की शेतकरी माझ्यावरच चिडतात. त्यांचं चिडणं मला चुकीचं वाटत नाही, पण कायदा मी केलेला नाही.

आता आपला सीमाभाग. आयकर केंद्राचा, त्याला राज्याच्या सीमेवरचा शिनोळीचा नाका दिसत नाही. राज्याच्या व्यवसाय कराला मात्र दिसतो. एक भाऊ उद्यमबागेत फाउंड्रीत, पगार १८,०००. कर्नाटकात २५,००० च्या आत पगार असेल तर व्यवसाय कर नाही. दुसरा भाऊ पलीकडं चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या एमआयडीसीत, पगार तेवढाच. त्याचे महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे २,५००. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारे भाऊ. त्यांची बहीण त्याच पगारावर शिनोळीला लागली तर तिचे कापणार नाहीत. तिकडं बायकांना २५,००० पर्यंत सूट आहे.

जीएसटीचं तर आणखी नाजूक. वडगावच्या यंत्रमागावरच्या साड्या घरून विकणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक इथं आलं, साडी घेऊन गेलं, तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन कोल्हापूरला पार्सल धाडलं, तर तो आंतरराज्य व्यवहार. करपात्र मालाला पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, साध्या यंत्रमागाच्या साडीला नाही.

आणि हो, फोनपेचा डबा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर कोड काढून ठेवले. कोड काढून काही साधत नाही. जमा झालेला प्रत्येक रुपया कमाई नसतो. त्यात भिशीचे असतात, मावशीनं औषधाला पाठवलेले असतात. ते दाखवता यायला हवं. धंद्याचं खातं वेगळं ठेवा, आणि एक साधी वही: तारीख, कुणाकडून, कशाचे, खर्च किती.

ताईंनी रिटर्न वेळेत भरलं. ऑगस्टमध्ये फोन आला, "सर, ७,३८० आलेत की! वरचे १८० कसले?" व्याजाचे, म्हटलं. वहीत लिहा, पुढच्या वर्षी उत्पन्नात धरायचेत.