चार पाऊणे तीन : दाभोळ ते गोवळकोट

(दाभोळ जेटी, सकाळ. चिखलावर कलंडलेल्या होड्या.)

पाणी पार खाली गेलंय. जेटीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडलंय. आम्ही पाच जण आणि एक कॅमेरा सात वाजल्यापासून तयार आहोत. आमचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, मात्र मांडी घालून फाटलेला पाग सांधत बसलेत. अख्खी जेटी त्यांना चाचा म्हणते, म्हणून आम्हीही.

'आज चौथ. चार पाऊणे तीन. तीनला भरती,' चाचा मान वर न करता सांगतात. 'साडेनऊला सोडू.'

(चाचांचे हात, जवळून. जाळ्यातून फिरणारी सुई.)

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पुनवेला, अवसेला बाराच्या आसपास. चंद्र रोज पाऊण तासाने, थोडं जास्तच म्हणा, उशिरा येतो. भरतीही तेवढीच मागे सरते. पुनव-अवसेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. उधाणाला पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. भांगाला दोन्ही कमी. आता भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. चाचांच्या खिशातही मोबाइल आहे, पण आज तो गाणी ऐकायला.

(होडी सुटते. इंजिनाचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.)

साडेनऊ. पाणी आत वळलंय. दाभोळपासून चिपळूणच्या गोवळकोटापर्यंत वाशिष्ठीची ही खाडी सुमारे 40 किलोमीटर आत जाते, आणि निम्मं काम भरतीच करणार आहे. इंजिन अर्ध्यावर ठेवलंय. आम्हाला घाई नाही.

डावीकडे मागे पडतेय ती दाभोळची दगडी मशीद, सतराव्या शतकातली. त्याच्याही आधी, बहामनी काळात, इथून अरबस्तानाशी व्यापार चालायचा. 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने हे बंदर जाळलं. बंदर जाळायला कुणी उगाच येत नाही. इथे तेवढा माल होता. आणि तो घाटावर जायचा कसा? याच पाण्याने वर, मग डोंगर चढून.

समोरून फेरीबोट चाललीय, धोपाव्याला. बोटीवर चार गाड्या, एक टेम्पो, आणि कठड्याला टेकलेली शाळेची मुलं. आज या खाडीची ओळख एवढीच उरलीय: आडवी ओलांडायची गोष्ट. आम्ही उभे चाललोय.

(आत्यांचा चेहरा. पदर डोक्यावर, हात होडीच्या काठावर.)

या आमच्या एका मैत्रिणीच्या आत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. लहानपणी मुंबईहून गावी यायच्या त्या याच वाटेने. भाऊच्या धक्क्यावरून स्टीमर. दाभोळला स्टीमर बाहेर नांगर टाकायची, मग पडावात उतरायचं. उतरायचं म्हणजे खलाशी पोराला दंडाला धरून खाली सोडायचा आणि खालचा झेलायचा. ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, सगळं त्याच पद्धतीने. तिथून लाँच. लाँच गोवळकोटला टेकली की बैलगाडी. पावसाळ्यात स्टीमर बंद, म्हणजे मुंबई बंद.

पुढे रस्ते झाले, एसटी आली, 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली. स्टीमर त्याआधीच थांबली होती. लाँचही गेली. त्याबद्दल कुणी रडल्याचं आत्यांना आठवत नाही. 'एसटीत उलटी व्हायची, एवढंच,' त्या म्हणतात.

(कांदळवन. होडी काठाकाठाने.)

आता इंजिन बंद. चाचा वल्ह्याने होडी काठाशी घेतात. ही खारफुटीतली चिपी, तिची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी उलटी वर आलेली. चिखलात हवा नाही, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं बाहेर काढतं. पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. शेजारी तिवर. त्याचं पान चाटून पाहा, खारट लागतं. शोषलेलं मीठ ते पानातून बाहेर टाकतं. आणि ही कांदळाची लांब हिरवी शेंग. शेंग नव्हे खरं तर, रोपच. बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर वाढतं, आणि ओहोटीला खाली पडलं तर भाल्यासारखं चिखलात उभं राहतं. भरतीला पडलं तर तरंगत निघतं, जिथे टेकेल तिथलं होतं.

(चिखलात उभं एक रोप. दोन पानं. मागे खंड्या.)

उत्तरेकडून आधी कोटजाई येऊन मिळते, मग खेडची जगबुडी. दोघींच्या तोंडाशी पात्र एवढं फुगतं की कुठली नदी कुठे संपली ते सांगता येत नाही.

(मगर. दुर्बिणीच्या लेन्समधून.)

मालदोलीची बाजू. भरती तोंडापासून इथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून चिखलाचा एक पट्टा अजून उघडा आहे आणि त्यावर ही पडलीय. तोंड उघडं. ते आपल्यासाठी नाही, अंग तापल्यावर मगर असंच तोंड उघडते. मगरी बघायच्या तर ओहोटीला यावं, हे चाचांनी आधीच सांगितलं होतं. आम्ही भरती निवडली. तेव्हा ही एकच.

पाण्याचा रंग बदललाय, बघा. इथे गोडं पाणी जोर धरतं, आणि त्यातलं बरंचसं मुळात इथलं नाही. कोयनेचं आहे. एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत येतं. म्हणून शेजारच्या नद्यांचे दगड उघडे पडले तरी मे महिन्यातही ही वाहती.

गाळ, वाळूउपसा, कारखान्यांचं सांडपाणी यांनी खाडीची मासळी घटली, मासेमारी करणाऱ्या भोई-दालद्यांची पोरं मुंबईला गेली, चाचांचीही दोन.

(चाचा. काही बोलत नाहीत. वल्हं.)

अडीच वाजले. डोंगरावर गोविंदगडाची तटबंदी, खाली गोवळकोटचा धक्का. पाच तास लागले. गाडीने याहून फार लवकर पोचलो असतो. आत्यांना हात देऊन उतरवलं. त्यांनी धक्क्याच्या दगडावर पाय ठेवला आणि आधी मागे वळून पाण्याकडे पाहिलं.

(आत्या, पाठमोऱ्या. पाच सेकंद.)

22 जुलै 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याचं काम झालं. लाँच चालेल एवढं पाणी, निदान भरतीला, आम्हाला आज सगळ्या वाटेवर मिळालं. फक्त धक्क्यावर दोर बांधायला कडी नव्हती. चाचांनी तो झाडाला बांधला, आणि सैल ठेवला.

दाभोळला तीनला पुरी होणारी भरती इथे अजून चढतेच आहे. म्हणून बसलोय. डबे उघडलेत. होडीपलीकडून नारळाची एक सुकी झावळी चिपळूणच्या दिशेने चाललीय, हळूहळू, माणूस गप्पा मारत चालावा तशी.

(झावळी. कॅमेरा स्थिर.)

सव्वाचार. ती थांबली. जरा जागच्या जागी फिरली. मग तिचं टोक दाभोळकडे वळलं.

चाचांनी डबा बंद केला आणि दोर सोडला.