दहा की एक?

(दृश्य: पहाट. धुक्यातून परशुराम घाट चढणारी कंपनीची बस.)

चिपळूण मागे टाकून परशुराम घाट चढलं की मुंबई-गोवा रस्त्याला लागून लोट्याची औद्योगिक वसाहत येते. औषधं, रंग, कीटकनाशकं आणि त्यांना लागणारा रासायनिक कच्चा माल इथे बनतो. ज्या कारखान्यात पाणी वापरलं जातं, तिथे सांडपाण्याची टाकी आलीच. आणि सांडपाण्यात सल्फेट असलं, हवा कोंडलेली असली, की तळाच्या गाळातले जिवाणू त्यापासून एक वायू तयार करतात. हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्याचा वास येतो तो.

कोकणाला हा वायू काही नवा नाही. ट्रॉलरच्या पोटात मासळी झाकणाखाली कुजली, तर तिथेही तोच साठतो. झाकण उघडून घाईघाईने आत उतरलेला खलाशी वर न येण्यामागे पुष्कळदा हाच असतो.

(दृश्य: टाकीचं झाकण, कठड्यावर टांगलेला दोर.)

माणसाच्या नाकाला हा वायू फार लवकर कळतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. दहा मीटर लांब, दहा रुंद, दहा उंच अशी खोली घ्या आणि तिच्यात एक लिटर वायू सोडा. इतकंच ते प्रमाण. याच्या शंभराव्या हिश्श्यालाही पुष्कळांना वास येतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांतच वास घेण्याची शक्ती बधिर होते. वास गेला, म्हणजे वायू गेला, असं वाटतं. हवेपेक्षा जड असलेला वायू मात्र खाली तळाशी तसाच असतो. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो. हजाराच्या घरात तर एक-दोन श्वासच पुरतात. पेशी प्राणवायू वापरतात ती यंत्रणाच तो बंद पाडतो. मग कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दुसऱ्यामागे तिसरा.

म्हणून नाकावर विसंबता येत नाही. आकडा लागतो.

आपल्या कायद्यात असे आकडे आले ते भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण आलं आणि रसायनांच्या मर्यादांची अनुसूची जोडली गेली. त्यात हायड्रोजन सल्फाइडपुढे दोन आकडे होते: आठ तासांची सरासरी १० पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी १५.

दोन कशाला? हिशेब करून बघू. एक कामगार साडेसात तास ४ पीपीएममध्ये काम करतो आणि अर्धा तास टाकीच्या तोंडाशी ९० मध्ये. आठ तासांची सरासरी निघते साडेनऊच्याही आत. कागदावर सगळं ठीक! त्या अर्ध्या तासात त्याचे डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, नाक बधिर व्हायला लागतं, आणि सरासरीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पंधरा मिनिटांचा आकडा.

(दृश्य: प्रयोगशाळा. पिंजऱ्यातले उंदीर.)

पण हे १० आले कुठून? असे आकडे सुचवणारी अमेरिकेतली संस्था, एसीजीआयएच, हिचाही आकडा अनेक वर्षं १०च होता. दरम्यान नवे प्रयोग झाले. उंदरांना दहा आठवडे रोज सहा तास या वायूत ठेवलं. ३० पीपीएमला त्यांच्या नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. १० ला ती इजा दिसली नाही. दुसरीकडे निरोगी स्वयंसेवकांना सायकल चालवायला लावून तोंडावाटे ५ आणि १० पीपीएमचा वायू दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातलं लॅक्टेट वाढलं, म्हणजे स्नायूंना प्राणवायू नीट वापरता येत नसल्याची खूण दिसली. उंदराला १० ला इजा नाही, म्हणून माणसाला १० चालेल, असं म्हणायचं? की माणूस अधिक नाजूक असू शकतो, दमेकरी असू शकतो, ओझं उचलताना खोल श्वास घेतो, हे धरून आकडा खाली आणायचा? २०१० साली त्या संस्थेने तो १ वर आणला. थोड्या वेळासाठी ५.

वायू तोच राहिला. बदलला तो किती धोका पत्करायचा याचा निर्णय. या मर्यादा ‘जवळजवळ सर्व’ कामगारांसाठी आहेत, असं ती संस्था स्वतःच सांगते. मला हे दोन शब्द अस्वस्थ करतात. त्या ‘जवळजवळ’च्या बाहेर उरलेला माणूस कोण, हे आधी कोणालाच माहीत नसतं.

शिवाय हा आकडा दिवसाच्या आठ तासांचा. कंत्राटी कामगार ‘डबल मारतो’, म्हणजे सलग दोन पाळ्या करतो, तेव्हा? १९७५ साली ब्रीफ आणि स्काला या कामगार-आरोग्याच्या दोन अभ्यासकांनी लांबलेल्या पाळीसाठी एक सोपं सूत्र मांडलं. श्वासात वायू जास्त वेळ जातो आणि शरीराला सावरायला वेळ कमी मिळतो, दोन्ही त्यात धरलं आहे. बारा तासांच्या पाळीला मर्यादा थेट निम्मी होते. दहाची पाच. सोळा तासांना तर चौथा हिस्सा. फाटकावरच्या फलकावर मात्र आकडा आठ तासांचाच राहतो.

(दृश्य: टाकीचं झाकण उघडं. दोरीला बांधलेला वायू मोजायचा मीटर खाली सोडला जातो.)

टाकीत उतरण्याआधी जाणकाराने तपासून लेखी परवानगी द्यायची, उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायचं, हे कायद्याने सांगून कित्येक वर्षं झाली.

मीटर तोंडाशी धरला. २.

मध्यावर नेला. ११.

तळाशी टेकवला, आणि अलार्म वाजायला लागला. ६४.

पंखा लावा. झाकणाजवळून सगळे मागे सरका. अर्ध्या तासाने पुन्हा तिन्ही ठिकाणी मोजायचं. आज काम उशिरा सुरू होईल.