सडणं वेगळं, कुजणं वेगळं

आपण सडणं आणि कुजणं हे शब्द एकाच अर्थानं वापरतो. पण खताच्या ढिगाजवळ उभं राहिलं की त्यांतला फरक नाकालाच कळतो. हवा खेळती असेल तर जिवाणू आणि बुरशा कचरा कुजवतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता बाहेर पडते, वास येतो तो ओल्या मातीचा. हवा तुटली की दुसऱ्याच जातीचे जिवाणू वरचढ होतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. कचरा तोच असतो. म्हणून कुणी खताचा प्रकल्प दाखवायला नेलं की रोज किती टन कचरा येतो हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, ढिगाला हवा कुठून मिळते?

हे मी चुकून शिकलो. माझ्या पहिल्या मोठ्या ढिगात नुसता ओला कचरा होता, पुरुषभर उंच रचलेला. चौथ्या दिवशी तो स्वतःच्याच वजनानं बसला, बुडातून काळं पाणी गळू लागलं. फावड्यानं फोडला तर आत थंडगार, बुळबुळीत थर. सगळा ढीग मोडून त्यात पालापाचोळा आणि लाकडाचे तुकडे मिसळले, तेव्हा कुठे दोन दिवसांनी त्यातून वाफ निघाली.

सुका माल दोन कामं करतो आणि ती वेगवेगळी आहेत. पहिलं काम कर्ब, म्हणजे कार्बन, पुरवण्याचं. सुरुवातीला 1 भाग नत्रामागं (नायट्रोजनमागं) 25 ते 30 भाग कर्ब असावा. नत्र जास्त झालं तर ते अमोनिया होऊन उडून जातं. डोळे चुरचुरले की समजावं, आपलं खत हवेत चाललंय. दुसरं काम पोकळी धरून ठेवण्याचं. लाकडाच्या भुश्शात कर्ब भरपूर, पण तो ओला झाला की चिखलासारखा बसतो. लाकडाचे जाड तुकडे सावकाश कुजतात खरे, पण ढीग उभा ठेवतात. बरेच जण फक्त कर्बाचा हिशेब करतात आणि इथंच फसतात.

ओल पाहायला आतला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा, मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. ही साधारण 50 ते 60 टक्के ओल. धार लागली तर सुका माल घाला, भुगा झाला तर पाणी शिंपडा.

तापमानाला मात्र हाताचा अंदाज चालत नाही. लांब दांडीचा तापमापक ढिगाच्या पोटात खुपसावा आणि आकडा रोज वहीत लिहावा. 55 अंश सेल्सिअस गाठल्यावर रोगजंतू आणि तणाचं बी मरायला लागतं. उघड्यावरच्या लांब राशींसाठी प्रचलित नियम असा आहे, की 15 दिवस 55 अंश किंवा त्याहून जास्त तापमान राहावं आणि त्या काळात निदान 5 वेळा रास पलटावी. पलटायची कशासाठी, तर बाहेरची साल थंड राहते. तिलाही आत जाऊन तापायला मिळालं पाहिजे. पारा 65च्या वर चढू लागला तर कामाचे जिवाणूही मरू लागतात, तेव्हाही पलटा.

जागेबद्दल थोडक्यात: जमीन टणक आणि उताराची हवी, गळणारं पाणी एका खड्ड्यात जमलं पाहिजे. काच आणि प्लॅस्टिक कचरा आत येतानाच वेचा. यंत्रात एकदा त्यांचा चुरा झाला की कुठलीही चाळणी ते पुरतं काढू शकत नाही.

ढीग थंड झाला म्हणजे खत तयार झालं, असं समजून घाईनं पोती भरली जातात. खरं तर ढीग थंड झाल्यावरही महिना-दोन महिने ते मुरावं लागतं. कच्चं खत रोपांची मुळं जाळतं. मुरलेलं वाटलं की थोडा नमुना ओलसर करून पिशवीत बंद करा, आठवड्यानं उघडून हुंगा. आंबूस वास आला तर आणखी मुरू द्या. मातीचा वास आला तर थोड्या खतात माती मिसळून हळिवासारखं लवकर उगवणारं बी पेरा, शेजारी नुसत्या मातीत तेवढंच बी टाका आणि दोन्हीकडचे कोंब मोजा.