पिकअपच्या ब्रेकला काय दिसतं?

(सांगलीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'आपोआप लागणारा ब्रेक आणि आपली पिकअप'. माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. हा ब्रेक आपल्या पिकअपलाही मिळाला पाहिजे, आणि तो कायद्याने मिळाला पाहिजे. ते मी मांडणारच आहे. पण हा ब्रेक वागतो कसा हे आधी कळलं नाही, तर माझी मागणी तुम्हाला हवेतली वाटेल.

मी बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोच्या आसपास द्राक्षबागांतली यंत्रं दुरुस्त करायचं काम केलं. तासगावची मंडळी पुढेच बसलीत, म्हणून सांगतो, तिकडचा बेदाणा पाहण्यासारखा असतो. आपण घड डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतो. तिकडे परंपरेने दोन ओळींच्या मधे जमिनीवर कागद अंथरतात आणि घड थेट उन्हात टाकतात. सप्टेंबरात पाऊस येत नाही या भरवशावर! आपल्याकडे असा भरवसा कुणी ठेवेल का? असो. सांगायचं हे, की या बागांतून दिवसभर फिरायला माझ्याकडे मोठी पिकअप होती आणि तिच्यात हा ब्रेक होता.

यंत्रणा अशी. पुढच्या बंपरच्या आसपास एक रडार असतं आणि समोरच्या काचेमागे, आरशाजवळ कॅमेरा. रडार सांगतं की पुढची वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतेय. कॅमेरा ओळखतो की ती गाडी आहे, माणूस आहे की आणखी काही. या दोन्हींवरून संगणक सतत हिशेब करत असतो, असंच चालू राहिलं तर धडकायला किती वेळ उरलाय? वेळ कमी झाला की आधी लाल दिवा आणि भोंगा. तरी तुमचा पाय हलला नाही, तर एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पंपच ब्रेकच्या तेलाचा दाब वाढवतो आणि ब्रेक लागतो.

ताशी ८० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. माणसाला दिसून, उमजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद सहज जातो. म्हणजे तेहतीस मीटर गाडी नुसतीच पळालेली असते. हे तेहतीस मीटर वाचवण्यासाठी ही सगळी खटपट आहे. आणि धडक पूर्ण टळली नाही तरी ८० चा वेग ४० वर आला, तर धडकेतली ऊर्जा चौथाईवर येते. वाहनात बसलेल्या माणसाला हा फरक फार मोठा असतो.

आता तो किस्सा. सेल्मा म्हणून गाव आहे, बेदाण्याची राजधानी म्हणवून घेतं. त्याच्या बाहेरच्या दुपदरी रस्त्याने निघालो होतो. हौद्यात क्रेट होते, आणि शेजारी बागेचे मालक, सत्तरीतले सरदारजी. त्या खोऱ्यात पंजाबी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पुढच्या गाडीने उजवा इंडिकेटर दिला आणि ती एका बागेच्या कच्च्या वाटेला वळू लागली. ती वळून जाईल, आपण सरळ जाऊ, हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. मी नुसता ॲक्सिलरेटर सोडला. पण तिची मागची बाजू अजून आमच्या लेनमध्ये होती. संगणकाला तेवढंच दिसलं. लाल दिवा, भोंगा, आणि करकचून ब्रेक!

क्रेट बांधलेले होते, पण दोराने. नायलॉनचा दोर ताणला जातो. मागची अख्खी थप्पी हातभर पुढे सरकली आणि केबिनवर आदळली. मधल्या काचेला खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडा गेला. काळी द्राक्षं हौद्यात फुटून रस फाळक्यातून रस्त्यावर गळत होता. मागून येणारा ट्रक कसाबसा थांबला, त्याच्या हॉर्नचा आवाज मला अजून ऐकू येतो. सरदारजींनी आधी पगडी सारखी केली, मग माझ्या खांद्याला हात लावून पाहिला, आणि म्हणाले, "पुत्तर, बंद करो इसे."

मी गाडी विक्रेत्याकडे घेऊन गेलो. त्यांनी लॅपटॉप जोडला, कागद काढला, 'प्रणालीत दोष नाही' म्हणून हातात दिला. माझी तक्रार प्रणाली बिघडली अशी नव्हतीच! माझं म्हणणं होतं, हौद्यात माल असताना हा ब्रेक असा लागणार असेल, तर माल कसा बांधायचा ते विकताना सांगा. सोबतची जाडजूड पुस्तिका मी पानापानाने वाचली. ब्रेकचं प्रकरण वेगळं, माल बांधण्याचं वेगळं. दोन्ही एकत्र कुठेच नाही. पिकअप ही माल वाहायची गाडी आहे हे ब्रेकचं प्रकरण लिहिणाऱ्याला कुणी सांगितलंच नसावं. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

मग सरदारजींच्या सांगण्यावरून गाडी सुरू केली की बटण दाबून तो ब्रेक बंद करायचा, असं ठरलं. दरवेळी बंद करावा लागायचा, कारण गाडी सुरू केली की तो पुन्हा आपोआप चालू व्हायचा. डिसेंबर आला. त्या खोऱ्यात हिवाळ्यात टूली नावाचं जमिनीलगतचं धुकं पडतं. महाबळेश्वरचं धुकं सरकतं, विरतं. हे बसून राहतं. अशा एका पहाटे सरदारजी गाडीत बसले आणि म्हणाले, आज राहू दे चालू. हळूच चाललो होतो. मला समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. लाल दिवा लागला, ब्रेक बसला, गाडी थांबली, आणि मग मला दिसलं. दिवे बंद पडलेला एक ट्रेलर उभा होता. बंपर आणि त्याच्यामधे एक माणूस वाकून क्रेट उचलेल एवढी जागा. माझ्या आधी रडारला दिसलं होतं, कारण धुक्यातून ते कॅमेऱ्यापेक्षा आणि डोळ्यापेक्षा बरं पाहतं. आणि तेव्हा माल रॅचेट बेल्टने, म्हणजे दातेरी कळीने घट्ट करायच्या पट्ट्याने, आवळलेला होता. एक क्रेट हलला नाही.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. ठीक आहे, मुद्दे भरभर घेतो.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिने पिकअपचा वेगळा अभ्यास केला. हा ब्रेक असलेल्या पिकअपनी पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी निघालं. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये नियम केला, की सप्टेंबर २०२९ पासून नव्या हलक्या गाड्यांना हा ब्रेक सक्तीचा. त्यात पिकअप आल्या. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना तो आहेच.

आपल्याकडे? मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढला, त्यात बस आणि साडेतीन टनांवरचे ट्रक धरले. साडेतीन टनांपर्यंतची मालवाहू गाडी, म्हणजे आपली पिकअप, त्यात नाही. संध्याकाळी द्राक्षं भरून तासगावातून निघते, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर तोडून पहाटे वाशीच्या बाजारात पोचते, ती हीच गाडी. ड्रायव्हर एकटा, झोप अपुरी, माल नाशिवंत, आणि उशीर झाला की भाव पडतो. ज्या गाडीला या ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, तीच यादीबाहेर! त्या यादीत पिकअप यावी, ही माझी मागणी. बागायतदार संघ, वाहतूकदार, ज्यांचं ज्यांचं दिल्लीपर्यंत पोचतं त्यांनी हे लेखी कळवावं.

आता अडचण. त्याच अमेरिकी संस्थेला असंही आढळलं, की पायी चालणाऱ्याला वाचवण्यात हा ब्रेक उजेडात कामाला येतो, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर त्याचा फरक दिसला नाही. आपल्या इस्लामपूर-आष्टा पट्ट्यात उसाच्या हंगामात रात्री काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे टेललाइट नाही, आणि असला तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, झाकलेला. कॅमेऱ्याला गाडीची पाठ ओळखायची सवय. त्याला इथे दिसणार उसाचा ढीग. म्हणून ट्रॉलीला मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टरची पट्टी हवी, आणि ती उसाने झाकली जाणार नाही एवढ्या खाली हवी. काही रुपयांचं काम आहे. गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्याच्या गेटवर प्रत्येक ट्रॉली थांबवून ते करता येतं. मुकादमांना आणि ऊसतोड टोळीतल्या बायका-पोरांनाही चमकणारे पट्टे द्यावेत, कारण पहाटे ही माणसं रस्त्याच्या कडेनेच फडावर जातात.

आणि आज ज्यांच्याकडे पिकअप आहे, त्यांनी दोर सोडून रॅचेट बेल्ट घ्यावा, थप्पी केबिनला टेकवून लावावी, मधे फट ठेवू नये. करकचून ब्रेक गाडीने मारो की ड्रायव्हरने, माल पुढेच येतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. दोन प्रश्न घेऊ शकतो. मागे उभ्या आहेत त्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, त्यांना माइक द्या.