दोन घोडे, सहा अंडी आणि नासिओनाल ७

(पहाट. नोत्र दामसमोरचं रिकामं पटांगण. दुरून शिलाई मशीनसारखा टकटकणारा इंजिनाचा आवाज.)

पॅरिसच्या नोत्र दामसमोर फरशीत धातूचा एक तारा बसवलाय. फ्रान्समधल्या रस्त्यांची अंतरं इथून मोजतात. इथून निघायचं आणि सुमारे हजार किलोमीटरवर, इटलीच्या वेशीला टेकलेल्या मांतों गावात थांबायचं. रस्ता एकच, नासिओनाल ७. फ्रेंच माणसांच्या तोंडी त्याचं नाव 'सुट्टीचा रस्ता'.

गाडी भाड्याची आहे. सित्रोएन दू शव्हो, म्हणजे 'दोन घोडे'. हा आकडा ताकदीचा नाही, सरकारी कराच्या हिशोबातला. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, तेव्हा तिचं इंजिन ३७५ सीसीचं होतं आणि ताकद ९ अश्वशक्तीची. आमची गाडी खूप नंतरची, ६०२ सीसीची. तरी घोडे एकोणतीसच!

कंपनीचे तेव्हाचे प्रमुख प्येर बुलांजे यांची मागणी साधी होती. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे बसले पाहिजेत. नांगरलेल्या शेतातून गाडी गेली, तरी टोपलीतलं अंडं फुटता कामा नये. म्हणून आम्हीही फाँतेनब्लोच्या अलीकडे सहा अंडी घेतली आणि मागच्या सीटवर ठेवली. पट्टा न लावता.

(गाडीच्या आत. डॅशबोर्डमधून बाहेर आलेला गिअरचा दांडा.)

गिअर छत्रीच्या मुठीसारखा आहे. ढकला, ओढा, पिळा. पहिला तासभर हात सारखा जमिनीकडे जातो आणि तिथे काहीच सापडत नाही. खिडकीची काच खाली सरकत नाही, अर्धी दुमडून वर टेकवायची. छप्पर मात्र सतरंजीसारखं गुंडाळता येतं, आणि मग एअर कंडिशनरची आठवण येत नाही.

ब्रियारला थोडं थांबलो. इथे लुआर नदीवरून पूल जातो आणि पुलावरून कालवा. ६६२ मीटर लांबीचा हा जलसेतू १८९६ साली सुरू झाला. खाली नदी, वर बोटी. पाहत बसावं असंच आहे, पण अजून आठशेच्या वर किलोमीटर बाकी होते.

(जुने कृष्णधवल फोटो: टपावर गाद्या, सायकली, कपड्यांच्या पेट्या.)

१९३६ साली फ्रान्समधल्या कामगारांना कायद्यानं दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली, १९५६ साली तिसरा आठवडा. तोवर घराघरात लहान गाड्या येऊ लागल्या होत्या. मग जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं पॅरिस समुद्राकडे निघायचं, आणि निघायचं ते याच रस्त्यानं. गावागावातून जाणारा, एकेका चौकात तुंबणारा रस्ता.

त्या कोंडीचं सगळ्यात प्रेमळ स्मारक लापालिसमध्ये आहे. २००६ साली गावाला वळसा घालणारा बाह्यवळण रस्ता झाला आणि गावातली वाहतूक एकाएकी थांबली. गावानं काय करावं? दर दोन वर्षांनी मुद्दाम कोंडी करायची! जुन्या गाड्या देशभरातून येतात, टपावर सामान बांधतात, जुन्या पोशाखातले 'पोलीस' शिट्ट्या मारतात. ज्या कोंडीत बापानं शिव्या दिल्या, तिच्यात मुलगा हौसेनं अडकतो. आम्ही गेलो ते वर्ष कोंडीचं नव्हतं. चौकात आमचीच एक गाडी. तरी एका आजोबांनी हात उंचावून आम्हाला थांबवलं, वाहतूक वळवल्यासारखं केलं आणि हसत जाऊ दिलं.

गतकाळ इतका गोड मात्र नव्हता. याच रस्त्याच्या काही भागांना लोक 'मृत्यूचा रस्ता' म्हणत. १९७२ साली फ्रान्सभरात रस्त्यांवर सोळा हजारांहून जास्त माणसं गेली. दुतर्फा उभे असलेले चिनार फोटोत सुंदर दिसतात. वेगात त्यांच्यावर आदळणाऱ्यांना ते तसे वाटले नसतील.

(घाट. मागे ट्रकचे दिवे.)

रोआननंतर पँ बुशँचा घाट. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागली, मग अचानक निम्मी ताकद गेली. बॉनेट उघडलं. सिलिंडर दोनच, त्यातल्या एकाच्या स्पार्क प्लगची टोपी निसटली होती. म्हणजे आम्ही एका घोड्यावर चढत होतो. टोपी दाबून बसवली, दोन मिनिटांत निघालो. रेडिएटर नाही, इंजिन हवेवर थंड होतं, त्यामुळे पाणी उकळायची भीती नाही.

माँतेलिमारमध्ये नुगा घ्यायचा. बदाम, मध, अंड्याचा पांढरा बलक. गाड्या तुंबलेल्या असताना विक्रेते खिडकीपाशी येऊन विकत. लोणावळ्याची चिक्की ज्यानं प्रवासात घेतली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ओरांजला रोमन कमान आडवी येते. लिओंहून दक्षिणेकडे येणारा रोमनांचा रस्ताही इथूनच जायचा. आजचा रस्ता कमानीला वळसा घालतो.

पुढे रस्ता सापडेनासा होतो. २००६ पासून सरकारनं त्याचे लांबच लांब तुकडे जिल्ह्यांकडे दिले. वार जिल्ह्यात तो 'डीएन ७' आहे, पुढे आल्प-मारितीममध्ये 'डी ६००७'. राष्ट्रीय रस्त्याच्या दगडांची टोपी लाल असते, जिल्ह्याच्या दगडांची पिवळी. नकाशापेक्षा आम्ही टोप्यांवर जास्त विसंबलो, आणि दोनदा चुकलो.

(समुद्र. मांतों. बाजारात लिंबांचे ढीग.)

मांतों. सीमेपलीकडे हाच रस्ता इटालियन नाव घेऊन रोमच्या दिशेनं जातो. आम्ही इंजिन बंद केलं आणि मागची सीट तपासली.

पाच अंडी शाबूत. सहावं ओरांजला फुटलं. मी छप्पर गुंडाळायला सीटवर गुडघा टेकवला तेव्हा. ते बुलांजेसाहेबांच्या खात्यात धरू नये.